पास्ता ग्लुटेन-फ्री आहे, पण पाणी कुठलं?

चेन रेस्टॉरंटच्या मेनूकार्डावर पास्त्याच्या पानाखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: 'ग्लुटेन-फ्री पास्ताही मिळेल', आणि पुढे जादा पैशांचा आकडा. पणजी, पर्वरी, मडगाव, कळंगुटच्या बाजूला, गेल्या काही वर्षांत ही ओळ बऱ्याच ठिकाणी दिसायला लागली आहे. हलकं वाटतं म्हणून गहू सोडलेल्या माणसाला तेवढी ओळ पुरते. माझ्या लेकीला पुरत नाही, कारण तिला सिलिअ‍ॅक आहे. गहू, बार्ली किंवा राय यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. यावर गोळी नाही. ही धान्यं जन्मभर टाळायची, एवढाच उपाय.

तिची उंची वाढायची थांबली होती आणि लोहाच्या गोळ्या कितीही दिल्या तरी हिमोग्लोबिन वर येईना, तेव्हा डॉक्टरांनी टीटीजीची, म्हणजे या आजारात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी सांगितली. ती पॉझिटिव्ह आली, मग एंडोस्कोपी झाली, आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला आणि निदान पक्कं झालं. फोंड्याला आमच्या घरी ही बातमी आली तेव्हा सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "किदें खातलें गो हें चेडूं आतां?" पण खरं सांगायचं तर आमचं स्वयंपाकघर मुळातच तांदळाचं. उकड्या तांदळाची पेज, शीत-कडी, घावणे, तांदळाची भाकरी, चवथीच्या पातोळ्या, सगळं चालतं. पोदेराचे पाव आणि पोळी बंद झाली. तळायच्या मासळीला रव्याऐवजी तांदळाचं पीठ लागायला लागलं. हिंगाची डबी बदलावी लागली, कारण बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं आणि ते डबीवर लिहिलेलंही असतं. सत्यनारायणाच्या शिऱ्याऐवजी तिच्यासाठी केळं आणि साखर ठेवतो. घरचं गाडं एवढ्यावर नीट चाललं.

अडलं ते घराबाहेर. हायर सेकंडरीत गेल्यावर तिच्या मैत्रिणी पणजीला जायला लागल्या. कुणाचा वाढदिवस, कुणाची परीक्षा संपली, आणि जायचं ते चेन रेस्टॉरंटमध्येच, कारण तिथे बिल किती होणार ते आधी कळतं आणि पोरींना तासभर कुणी उठवत नाही. त्या पास्ता मागवायच्या, ही लिंबू सोडा. मी तिला म्हटलं, माशांची थाळी मिळते तिथे न्या तिला, रवा न लावलेली मासळी सांगता येते. ती म्हणाली, "आई, मला थाळी नकोय. त्या जे खातात ते मला त्यांच्याबरोबर खायचंय." सतरा वर्षांच्या मुलीचं हे मागणं मला अजिबात लहान वाटलं नाही. म्हणून मी या पास्त्याच्या मागे लागले.

सुरुवात घरी केली. पणजीच्या एका सुपरमार्केटातून मका आणि तांदळाचा पेने, म्हणजे नळीसारखा पोकळ पास्ता, आणला, गव्हाच्या पास्त्याच्या चौपट किंमत. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असलेल्या पदार्थावर ग्लुटेन-फ्री असं छापता येत नाही. पाकिटाबद्दल त्यामुळे माझी खात्री होती. हा पास्ता शिजतो कसा ते मला बघायचं होतं, म्हणजे हॉटेलात काय विचारायचं ते कळेल. गव्हाच्या पास्त्यात ग्लुटेनचं जाळं पिठाला धरून ठेवतं. यात ते जाळं नाही, त्यामुळे स्टार्च भराभर पाण्यात उतरतो. पाणी आधी दुधाळ होतं, मग वर फेस चढून उतू जायला बघतं. आठव्या मिनिटाला पेने मधे कच्चा होता, दहाव्याला बरोबर होता, बाराव्याला कडा फाटून पिठूळ झाला. चाळणीत निथळत ठेवला तर पाच मिनिटांत एकमेकांना चिकटून गोळा. म्हणजे हा पास्ता सकाळी उकडून फ्रीजमध्ये ठेवून चालत नाही. ऑर्डर आल्यावरच शिजवायचा, पाण्यातून थेट सॉसच्या पॅनमध्ये काढायचा आणि लगेच खायचा.

ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. बऱ्याच चेनमध्ये गव्हाचा पास्ता आधीच अर्धा उकडून, वजन करून, छोट्या पिशव्यांत ठेवलेला असतो. ऑर्डर आली की तो जाळीच्या टोपलीत घालून उकळत्या पाण्याच्या बॉयलरमध्ये मिनिटभर बुडवतात आणि सॉसमध्ये टाकतात. म्हणून सात-आठ मिनिटांत ताट येतं. ग्लुटेन-फ्री पास्ता नीट वेगळा शिजवायचा म्हटला तर पाणी उकळण्यापासून वीस-पंचवीस मिनिटं कुठे जात नाहीत. ताट त्याच्या कितीतरी आधी आलं तर विचारायलाच हवं की हे शिजलं कुठे.

पहिल्यांदा गेलो ते एका मॉलमधल्या चेनमध्ये. टेबलावरच्या मुलाला मी सगळं सांगितलं, आजाराचं नावही सांगितलं. तो हसून म्हणाला, "डोंट वरी मॅम, हमारा पास्ता ग्लुटेन-फ्री है." ताट पटकन आलं, मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. त्या रात्री लेक उलट्या करून करून दमली, पुढचे दोन दिवस पोट धरून पडून होती. मी तिथल्या किचन मॅनेजरला फोन लावला. त्या बाईने काही लपवलं नाही. म्हणाली, पास्ता वेगळ्या पाकिटातलाच होता, पण बॉयलर एकच आहे, त्यातच सगळे शिजतात.

एकच बॉयलर म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं. सकाळपासून त्या पाण्यात गव्हाचा पास्ता बुडवून काढलेला असतो. प्रत्येक खेपेला थोडं पीठ, थोडं ग्लुटेन पाण्यात सुटतं. पाणी कमी झालं की वरून भर घालतात, पूर्ण बदलत नाहीत. संध्याकाळपर्यंत ते पाणी म्हणजे पातळ पेजच होते, फरक इतकाच की ही पेज गव्हाची. मक्याचा पेने त्यातून काढला की ती पेज त्याच्या पोकळीत भरून ताटात येते. किती ग्लुटेननं नुकसान होतं? दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना चालतं आणि ५० मिलिग्रॅम रोज गेलं तर आतडं बिघडायला लागतं, असं अभ्यासांतून दिसलंय. पावाच्या एका स्लाइसमध्ये दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे १० मिलिग्रॅम ही चुऱ्याच्या कणांची गोष्ट आहे.

आणि हे आपल्याकडेच होतं असं मुळीच नाही. अमेरिकेत ग्राहकांनी हातातल्या छोट्या यंत्राने हॉटेलांतल्या जेवणाच्या ज्या चाचण्या केल्या होत्या, त्यांतल्या पाच हजारांहून जास्त चाचण्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ग्लुटेन-फ्री म्हणून वाढलेल्या पदार्थांपैकी ३२ टक्क्यांत ग्लुटेन सापडलं. पिझ्झा आणि पास्ता यांत ते प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. ते यंत्र २० पीपीएमच्या, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या, खालचंही कधीकधी पकडतं, त्यामुळे आकडा थोडा सांभाळून घ्यायचा, हे मला मान्य आहे. तरी पास्ताच इतका पुढे का, याचं उत्तर माझ्या मते त्या बॉयलरमध्ये आहे.

त्यानंतर मी पद्धत बदलली. आधी फोन, तोही दुपारी तीन ते पाचच्या मधे, जेव्हा स्वयंपाकघराला श्वास घ्यायला वेळ असतो. फोनवर ग्लुटेन-फ्री पास्ता आहे का हे विचारणंच बंद केलं, कारण त्याचं उत्तर सगळीकडे 'हो' असतं. मी विचारायला लागले, "पास्ता वेगळ्या भांड्यात, नव्या पाण्यात शिजवून द्याल का?" दोन-तीन ठिकाणी पलीकडे नुसती शांतता. एका ठिकाणी सांगितलं, आमच्याकडे गॅसची शेगडीच नाही, सगळं बॉयलर आणि ओव्हनवर. उत्तर नकाराचं होतं तरी मला ते फार आवडलं, कारण त्या माणसाने आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणून उत्तर दिलं होतं. पणजीतल्या एका चेनच्या मॅनेजरने सांगितलं, "आत्ता सांगत नाही, शेफला विचारून फोन करतो." त्याने खरंच फोन केला. म्हणाला, बुधवारी साडेबाराला या, गर्दी नसते.

आम्ही गेलो. मॅनेजरने आधी एक फाइल आणून ठेवली, अ‍ॅलर्जनचा तक्ता. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूत कॅलरी आणि अ‍ॅलर्जनची माहिती द्यायची, असं २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत आहे. चेनचा हा मोठा फायदा. सॉस एकाच ठिकाणी बनून पाकिटात येतात, त्यामुळे कशात काय आहे ते कागदावर असतं. आम्ही ओळीने वाचत गेलो. व्हाइट सॉस बाद, तो मैदा लोण्यात परतूनच घट्ट केलेला. पिंक सॉस बाद, कारण त्यात व्हाइट सॉस. मशरूमच्या सॉसमध्ये सोया सॉस होता आणि सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतोच. चिकनचे तळलेले तुकडे ब्रेडक्रम्समुळे बाद, आणि त्याच तेलात तळले जातात म्हणून फ्राइजही बाद. उरले दोन: टोमॅटोचा अराबियाता आणि ऑलिव्ह तेल-लसणाचा साधा. लेकीने अराबियाता घेतला. तक्त्यात पाण्याचा रकाना मात्र नव्हता. तो कुठल्याच तक्त्यात नसतो, कारण तक्ता पदार्थात काय घातलंय तेवढंच सांगतो.

पाण्यासाठी शेफला बाहेर बोलावलं. चाळिशीचा, गढवालकडचा माणूस. मी ग्लुटेन म्हटल्याबरोबर त्याने मला थांबवलं. "गेहूं वाली बीमारी ना? मेरी भतीजी को है. सूजी, मैदा, जौ, कुछ नहीं." मला एकदम खुर्चीत नीट बसता आलं. भारतातल्या वेगवेगळ्या भागांत केलेल्या पाहणीत, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, उत्तरेकडे साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला आणि दक्षिणेकडे हजारात एकाला. म्हणून आमच्या वाड्यावर कुणी हे नाव ऐकलेलं नसतं, आणि गोव्यातल्या हॉटेलांच्या मागच्या बाजूला राबणाऱ्या उत्तरेतल्या माणसांपैकी एखाद्याच्या घरात तो असतो.

त्याने काय काय केलं ते मी दारातून पाहिलं, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्टीलचं पातेलं पुन्हा साबणाने घासलं. बॉयलरचं नको, नळाचं ताजं पाणी घेतलं. हातमोजे बदलले. टोपलीच्या जाळीत जुना पास्ता अडकलेला असतो म्हणून ती वापरली नाही, झाऱ्याने पेने थेट पॅनमध्ये काढला. मीठ घालायला सगळ्यांच्या हाताखालचा वाडगा होता, त्यात पिठाचे हात जातात, म्हणून त्याने नवीन पुडा फोडला. हे मला सुचलंच नसतं. चीज किसणीवरचं न घेता बंद पाकिटातलं घातलं. आणि ताटाच्या कडेला ठेवायचा गार्लिक ब्रेडचा तुकडा, जो दर ताटात सवयीने ठेवला जातो, तो ठेवायला निघालेल्या पोराचा हात त्याने वरच्यावर धरला. त्या एका तुकड्याने अर्ध्या तासाची मेहनत फुकट गेली असती.

ताट आलं तेव्हा लेक काही बोलली नाही, पाच-सहा घास गेल्यावर म्हणाली, "आई, गार झाला की चिकटतो गं, पण सॉस मस्त आहे." मग मला एक घास दिला. मक्याची किंचित गोडसर चव येते, चावताना गव्हाच्या पास्त्यासारखा ताण लागत नाही. तिखट टोमॅटोखाली तो फरक बराच झाकला जातो, म्हणून अराबियाता ही चांगली निवड. बिलात ग्लुटेन-फ्रीचे जादा पैसे लागले आणि मी ते आनंदाने दिले. शेफसाठी वेगळे ठेवले ते त्याने घेतले नाहीत, पुतणीसारखी आहे म्हणाला.

त्या रात्री काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण पोट दुखलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं या आजारात धरता येत नाही. कित्येकांना काहीच त्रास होत नाही आणि आतून अस्तर झिजत राहतं. खरं उत्तर टीटीजीच्या पुढच्या तपासणीत मिळतं, आणि तो आकडा हळूहळू हलतो, महिन्यांनी. आम्ही त्याच ठिकाणी अधूनमधून जात राहिलो. पुढच्या तपासणीत तिचा आकडा चढला नव्हता. तो कागद मी देवघरात नेऊन ठेवला.

याचा अर्थ ते ठिकाण कायमचं सुरक्षित झालं, असं मी कुणाला सांगणार नाही. गोव्यात डिसेंबर आला की हॉटेलांची तऱ्हाच बदलते. हंगामासाठी नवी माणसं भरतात, टेबलं दुप्पट होतात, रात्री साडेआठला आत कुणाला कुणाकडे बघायला सवड नसते. मागच्या नाताळात आम्ही तिथेच गेलो तर शेफ रजेवर होता आणि नव्या माणसाने वेगळ्या पातेल्याचं ऐकून मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने स्वतः येऊन सांगितलं, "ताई, आज नको. आज मी शब्द देऊ शकत नाही." पर्यटक ताटकळत उभे असताना त्याने एक गिऱ्हाईक सोडलं. माझ्या मनात त्या जागेबद्दलचा विश्वास त्या नकाराने जास्त वाढला. आम्ही बाजूला नारळपाणी घेतलं आणि घरी येऊन शीत-कडी जेवलो. जून ते सप्टेंबर हा काळ या सगळ्यासाठी सर्वांत बरा. बाहेर पाऊस, आत चार टेबलं, आणि प्रश्नांना उत्तर द्यायला माणसांजवळ वेळ.

उत्तर गोव्यात इटालियन माणसांनी चालवलेली छोटी ठिकाणं आहेत, तिथे हे सगळं समजावावं लागत नाही. इटलीत २००५ पासून सिलिअ‍ॅकसाठी वेगळा कायदाच आहे, शाळा आणि इस्पितळांच्या खानावळींना मागितल्यावर ग्लुटेन-फ्री जेवण द्यावं लागतं. अशा एका ठिकाणी आम्ही एकदा गेलो, मालकाने विचारायच्या आधीच वेगळं पातेलं दाखवलं. पण फोंड्याहून तिथवरचा रस्ता आणि तिथलं बिल, दोन्ही सतरा वर्षांच्या पोरींच्या टोळीला झेपणारं नाही. तिच्या मैत्रिणी जिथे बसतात तिथे तिला बसता यायला हवं, म्हणून चेनमध्ये हे व्हायला हवं.

आता ती फोन स्वतः करते. पहिल्या वेळी मी शेजारी बसले होते, तिचा आवाज कापत होता, पण तिने पाण्याचं विचारलं, चाळणीचं विचारलं, व्हाइट सॉसचं विचारलं, आणि पलीकडचा "डोंट वरी" म्हणाला तेव्हा "एक बार शेफ से पूछ लीजिए, मैं होल्ड करती हूँ" असं शांतपणे म्हणाली. मैत्रिणींनीही आपल्या परीने शिकून घेतलंय. गार्लिक ब्रेड मागवला तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात, आणि तिच्या ताटात कुणी आपला काटा घालत नाही. हे तिने कुणाला शिकवलं नव्हतं. एकीने एकदा चूक केली, बाकीच्या तिच्यावर ओरडल्या, तेव्हापासून तसंच चालतं.

पणजीच्या त्या मॅनेजरजवळ मी एक विनंती करून ठेवली आहे. व्हाइट सॉस मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअरने घट्ट करता येतो, घरी मी तसाच करते, चवीत फरक कळत नाही. तो म्हणाला, सॉस वरून ठरतो, मी लिहून पाठवतो. त्याने ईमेल केला, त्याची कॉपी मला आली. उत्तर अजून यायचंय. तोवर लेक अराबियाता खाते, आणि दर वेळी व्हाइट सॉसचं काय झालं ते विचारून येते.